जोमाकाकांनी तुडवलेलं अंगण

नवी जागा बघायला गेलेलं माणूस भिंती बघतं, खिडक्या बघतं, पाणी कुठून आणायचं ते विचारतं. जोमाकाका जागा पायांनी बघायचे. सदुसष्टच्या सुमारास खाडीकाठच्या मोरव्यातली त्यांच्या घरामागची खोली आम्ही भाड्याने घेतली. सामान लावून होतंय तोवर ते आत आले, चुलीपाशी अनवाणी उभे राहिले आणि टाचेवरून चवड्यावर, या पायावरून त्या पायावर असं अंग हलवत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या अंगात येतंय की काय.

"बाई, हितं खालती पोकल हाय," ते म्हणाले. "उंदराचा बील असंल. बुजवून देतो."

दुसऱ्या दिवशी खणलं, तर हातभर बीळ निघालं. स्वतःच्याच खोलीची खोट काढणारा घरमालक मी तोवर पाहिला नव्हता. आमचे हे तर खूश झाले. "रत्नागिरीपासून इथवर येऊन आपल्याला खरा माणूस भेटला," म्हणाले. मी शाळेत शिकवायला जात असे, म्हणून जोमाकाकांसाठी मी 'बाई' झाले ती कायमची.

त्या पायांना कारण होतं. उभा जन्म मिठागरात गेला होता. दिवाळी झाली की मिठागरातल्या वाफ्यांचा तळ करतात. खाडीचा चिखल पसरायचा, सारखा करायचा आणि मग तो पायांनी तुडवायचा. रोज तुडवायचा, सुकत आला की पुन्हा पाणी मारून तुडवायचा, असं करता करता तो फरशीसारखा होतो. त्याच्यावर खाडीचं पाणी घेतलं की थेंबभरही खाली जिरत नाही, उन्हाने आटतं आणि मीठ धरतं. तळ नीट नसला तर मीठ मातकट निघतं. जोमाकाकांनी तुडवलेल्या वाफ्याचं मीठ पांढरं स्वच्छ, असं अख्खा गाव सांगायचा. मी पाहिले तेव्हा ते थकले होते, गुडघे गेले होते, मिठागरावर जाणं बंद झालं होतं. पण पायांना कोण सांगणार? देवळात आरतीला उभे राहिले तरी त्यांचे पाय चालूच. बायका पदराआड हसायच्या. मीही हसले आहे.

पायांच्या जोडीला जीभ होती. एकदा माझ्या मिठाच्या बरणीतली चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "उत्तरंचं वारं सुटलं व्हतं त्या दिवशी धरलंय हे." मी म्हटलं, "काका, वाण्याला विचारून येऊ का, कुठल्या दिवसाचं आहे?" तर गंभीरपणे म्हणाले, "वाण्याला काय कलतंय?" थट्टा त्यांना कळायचीच नाही. या दोन गोष्टींवर, पाय आणि जीभ यांवर, त्यांचा जो विश्वास होता तो देवावरही नसावा.

बायको कधीच गेली होती. मुलगा हरी कारखान्यात कामाला, त्याची बायको घर बघायची. आणि एक मुलगी, यमुना. तिला खाडीपलीकडच्या गावात दिली होती. आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऐन चैत्रात, ती एक बोचकं घेऊन परत आली. डाव्या कानावर सूज होती. नवऱ्याने दुसरी बाई आणून ठेवली होती, आणि दोघं मिळून हिला मारत होते. काकांनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि तिच्यासमोर उभे राहून नुसते पाय हलवत राहिले.

भावजयीला ती नकोशी होती हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. ताट वाढताना भांडं आपटायचं, भात संपला की मोठ्याने सांगायचं. हरी तसा वाईट नव्हता, पण रोज कामावरून आल्यावर तेच ऐकून तोही कावला. शेवटी त्याने बापाला सांगितलं ते मी माझ्या खोलीत बसून ऐकलं. मधे एकच भिंत होती.

"बाबा, एक वरीस बगतो. पुढला पाऊस लागायच्या आत हिनं हिच्या पोटापुरतं उभं करावं. न्हायतर मी हिला सासरी पोचवून येईन. लोकांना काय जाब देऊ?"

"करंल ती," काका म्हणाले. "कोंबड्या पालंल."

कोंबड्या हे काकांच्या डोक्यात कुठून आलं, कोण जाणे. घरी चारदोन गावठी होत्या, त्या उकिरड्यावर चरून झाडावर झोपायच्या. त्यांना कुणी पाळलं असं म्हणता येणार नाही. पण तालुक्याहून एक साहेब येऊन गेला होता आणि शाळेत कोंबडीपालनाची पत्रकं ठेवून गेला होता. अंडी घ्यायला मुंबईचा माणूस स्टेशनपर्यंत येतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. खुराडं बांधलं, पुढच्या अंगणाला जाळी मारली, दहाबारा पाखरं आणली. यमुनेच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी उजळलेलं पाहिलं.

मग पावसाळा आला आणि सगळं जमिनीवर येऊन ठेपलं. मोरव्यातली जमीन ती, पाणी धरून बसणारी. जाळीतल्या अंगणाचा आठ दिवसांत रेंदा झाला. पाखरं त्याच चिखलात हगायची, त्याच चिखलात टोचायची. त्यांच्या पायांना फोड आले, पिसं चिकटली. यमुनेने भाताचा पेंढा पसरला. दोन दिवस छान वाटलं, मग तो भिजला, त्याला बुरशी धरली आणि पाखरं तोंड उघडी टाकून घरघरायला लागली. लाकडाच्या वखारीतला भुसा आणला. तो इतका बारीक की सुका असताना डोळ्यांत आणि भिजल्यावर लगदा. चुलीची राख टाकली, तिचं काळं सारवण झालं. कुणी म्हणालं वाळू टाका. वाळू चांगली, पण खालचा चिखल वर आला आणि वाळूच गिळून बसला.

मी त्यांना ते साहेबाचं पत्रक वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, आधी जमीन उंच करून मुरूम घालावा, त्यावर भातगिरणीतलं तूस वीतभर पसरावं, रोज खालीवर करावं. मुठीत घट्ट दाबून मूठ उघडावी, तूस सुटं होऊन पडलं तर ठीक, गोळा राहिला तर बदलावं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तूस घालू," ते म्हणाले. "पन मुरूम कशाला? जमीन कशी करायची ती मना शिकवतंय का तो साहेब?"

पावसाळा संपेपर्यंत तीनच पाखरं उरली. भावजय म्हणाली, "एवढी भाताची कनी घातली ती आम्हीच खाल्ली असती." हरीने बोटांवर महिने मोजलेले मी पाहिले.

दिवाळी झाली आणि काका कामाला लागले. खाडीचा चिखल पाट्यांनी आणला. अंगण खणून त्यात तो हातभर भरला, एका कडेला उतार दिला आणि तुडवायला सुरुवात केली. गुडघे गेलेला माणूस. कमरेला पंचा, हातात काठी, आणि कुंपणापासून कुंपणापर्यंत पाऊल पावलाला लावून चाललेत. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. यमुना बरोबर तुडवायला लागली, तर तिला म्हणाले, "तू फकस्त माझ्या मागनं ये गो. माझ्या पायावर पाय ठेव." बापलेक एकामागे एक चालायचे. महिनाभर मी शाळेला जाताना आणि येताना हे पाहिलं. त्या महिन्यात काका मला जितके सुखी दिसले तितके आधी किंवा नंतर कधीच दिसले नाहीत.

तळ झाला त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. हरीलाही कामावर जाता जाता थांबवलं. यमुनेने पाण्याची घागर वरच्या कडेला ओतली. पाणी सरळ उताराने गेलं, कडेच्या नाळीतून बाहेर पडलं, आणि मागे ओलसुद्धा राहिली नाही. काकांनी हरीला हात धरून आत नेलं आणि उभं केलं. "दाब," म्हणाले. हरीने टाच दाबली. उमटली नाही. हरी हसला. बहीण घरी आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता.

"काका, माझ्या शाळेला अशी जमीन करून द्या," मी म्हटलं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

मग त्यावर तूस पसरलं आणि पांढऱ्या विलायती कोंबड्या आल्या. थंडीभर त्या अंगणात कसला वास नाही, घाण नाही, एक पाखरू आजारी पडलं नाही. यमुना रोज तूस खालीवर करायची, मूठ दाबून बघायची. अंडी सुरू झाली. टोपली घेऊन ती स्वतः स्टेशनवर जाऊ लागली. भावजयीने एकदा तिला "वन्सं" अशी हाक मारली, तीही मी भिंतीपलीकडून ऐकली.

होळीनंतर ऊन चढलं. कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकू लागल्या. तूस ऊब धरतं म्हणून काकांनी ते काढून टाकलं आणि कोंबड्यांना थंडावा म्हणून भर दुपारी तळावर विहिरीचं पाणी शिंपडायला लागले. आमची विहीर उन्हाळ्यात खारट, मचूळ व्हायची, प्यायचं पाणी आम्ही लांबून आणायचो. यमुना कोंबड्यांना प्यायलाही तेच लांबचं गोडं पाणी आणून द्यायची, इतकी तिची काळजी. पण जमिनीवर शिंपायला मचूळ पाणी चालतं असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही.

दहाबारा दिवसांत तळ पांढरा दिसायला लागला. आधी कडेकडेने, मग सगळीकडे, बारीक पिठी भुरभुरल्यासारखा. काकांनी मला हाक मारली. त्यांचे डोळे चमकत होते. जन्मभर ज्या पांढऱ्याची वाट बघत ते उन्हात उभे राहिले होते ते त्यांच्या अंगणात उतरलं होतं. तळ साधला की असंच धरतं.

"बगा बाई, कसा धरलाय!"

"काका," मी हसून म्हटलं, "शेवटी अंगणात मीठ पिकवलंत!"

तेही हसले. ही एक थट्टा त्यांना कळली. यमुना हसली. आणि आमच्या तिघांच्या पायांशी कोंबड्या ते पांढरं टिपत होत्या, टकटक, टकटक, दाणे टिपावेत तशा. यमुना म्हणाली, "कसं आवडीनं खातात गो, चुन्यावानी. अंड्यांची टरफलं घट्ट व्हतील." त्या वाक्यानंतरही आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. मी मुलांना विज्ञान शिकवत होते. आणि शब्द तर माझ्याच तोंडून बाहेर पडले होते.

दोन दिवसांनी कोंबड्या पाण्याच्या भांड्याभोवती झुंबड करू लागल्या. भांडं भरलं की रिकामं. आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे. मग एकेक बसायला लागली. पायांत जीव नाही, मान टाकलेली, खालून नुसतं पाणी जातंय. यमुना त्यांना मांडीवर घेऊन चोचीत पाणी सोडत बसायची. तीन दिवसांत सगळं खुराडं आटोपलं. शेवटची तिच्या मांडीवरच गेली.

"मानमोडी," हरी म्हणाला. कोंबड्यांचा तो रोग सगळ्यांच्या माहितीचा.

"रोगबिग कसला?" भावजय ओट्यावरून म्हणाली. "पांढऱ्या पायाची हाय ती. तिकडं संसार बुडवला, आता हितं आली."

यमुना खाली मान घालून ऐकत होती. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. तेव्हा मी जोमाकाकांना पाहिलं. ते जाळीच्या आत, रिकाम्या अंगणाच्या मध्यावर होते. गुडघे वाकत नसतानाही ते काठीला धरून हळूहळू खाली बसले. बोट ओलं केलं, तळावर टेकवलं आणि जिभेला लावलं.

ती जीभ, जी दिवस आणि वारा ओळखायची. त्यांचं तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं. मग त्यांनी वर पाहिलं आणि आमची नजरानजर झाली. कोंबड्या रोगाने नाही, त्या मिठाने मेल्या होत्या; मला त्या क्षणी कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. हरी जाळीशी येऊन म्हणाला, "काय वो बाबा? काय बगतास?"

काकांनी बोट पंच्याला पुसलं.

"काय न्हाय," म्हणाले. "रोग हाय."

मी ओला कपडा हातात घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण मी भाडेकरीण, परक्या घरातली भांडणं, म्हाताऱ्याचा मान, असं काय काय मनात आलं. मी कपडा झटकला आणि दोरीवर टाकला. उद्या ते स्वतःच सांगतील असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी ते बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी हरी यमुनेला घेऊन खाडीपलीकडे गेला. निघण्यापूर्वी तिने ते रिकामं अंगण झाडलं. झाडताना वरचं पांढरं तिच्या पावलांना लागत होतं. काका दारात उभे होते. त्या दिवशी मी त्यांचे पाय पहिल्यांदा स्थिर पाहिले.

पंधरा दिवसांनी ते माझ्या दाराशी आले. आत यायला सांगितलं तर आले नाहीत.

"बाई, तुमी बगितलं व्हतं ना?"

"हो."

"मंग बोलल्या का न्हाय?"

"काका, तुम्ही का नाही बोललात?"

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "हे पाय सोडून माझ्याकडं दुसरं काय हाय?" म्हणाले. "लोक म्हनली असती, जोमानं तुडवला आनि पोरीची पाखरं मेली. म्हटलं, दोन दिवस जाऊ दे. मंग सांगू." मग म्हणाले, "आता सांगतो."

त्यांनी हरीला सांगितलं. हरी कपाळाला हात लावून बसला. "आता काय उपेग, बाबा?" एवढंच म्हणाला. काका स्वतः तिच्या सासरी गेले. संध्याकाळी परत आले ते एकटेच. यमुना त्यांच्याबरोबर यायला उठलीच नव्हती. तिथल्या ओसरीवर भांडी घासत होती, हात थांबवला नाही. काकांनी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "कवा कललं तुला?" त्यांनी खरं ते सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "मंग माझ्यासमोर मना पांढऱ्या पायाची म्हनत व्हते, तवा तुला ठावं व्हतं."

त्यानंतर काकांनी तो तळ फोडला. स्वतः तुडवलेला तळ पहारीने फोडायला त्यांना दीड महिना लागला. ढेकळं पाट्यांत भरून पुन्हा खाडीत नेऊन टाकली. डोंगराकडून मुरूम आणवला, जमीन उंच केली, वीतभर तूस घातलं. सगळं अगदी पत्रकात होतं तसं. कोंबडी एकही नव्हती. तरी ते रोज सकाळी काठीने तूस खालीवर करायचे, मूठ दाबून बघायचे, पावसाळ्यात जरा गोळा वाटला की सगळं काढून नवं भरायचे. भावजयही काही बोलेनाशी झाली. पोरंटोरं वेडा म्हणत. मी शाळेला जाताना त्या बाजूला बघत नसे.

असे तीन पावसाळे गेले. मग माझी बदली झाली आणि आम्ही मोरवा सोडला. सामान टेंपोत चढत होतं, तेव्हा काकांनी मला जाळीतून हाक मारली. मी पहिल्यांदाच त्या नव्या जमिनीवर पाय ठेवला. त्यांनी ओंजळभर तूस माझ्या हातात दिलं.

"दाबून बगा."

मी मूठ दाबली आणि उघडली. तूस सुटं होऊन बोटांमधून खाली पडलं.

"कोरडं आहे, काका."

"जिभेला लावून बगा. माझ्या जिभेचा आता भरोसा न्हाय."

मी दोन फोलपटं जिभेवर ठेवली. भाताच्या गिरणीचा धुरकट वास, बाकी काही नाही.

"खारट नाही," मी म्हटलं.

"मंग तिला सांगाल? माझं आयकत न्हाय ती. बाईंचं आयकंल. सांगा, जमीन चांगली झाली."

मी हो म्हटलं. तिच्या समोर जायचं म्हणजे आधी हे सांगावं लागणार होतं, की त्या दिवशी दोरीपाशी मीही उभी होते आणि मलाही ठाऊक होतं. टेंपो सुरू झाला. मागे वळून पाहिलं तर काका जाळीत उभे राहून पुन्हा पाय हलवत होते, या पायावरून त्या पायावर, आणि त्या मऊ तुसात घोट्यापर्यंत रुतत होते. खाडीपलीकडचं ते गाव माझ्या नव्या शाळेपासून तासाभराच्या वाटेवर होतं. मी एकदाही गेले नाही.